गढीतला भयपट: एलईडीचे पट्टे, दाणेदार रक्त आणि सेन्सॉर

प्रश्न
अंबाजोगाईजवळच्या गढीत मराठी भयपट करायलोत, सगळं रात्रीचं शूट. चाचणीत एलईडीखाली काळे पट्टे सरकतात. पाकाचं रक्त तासाभरात दाणेदार होतं, वरून मुंग्या. एका सीनला मांजर आणि बैलजोडी आहे, परवानगी लागते का? थेटरला नेमकं काय द्यायचं?

उत्तर १
आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. सेकंदाला २४ फ्रेम घेताना १८० अंशाचं शटर म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद उजेड. ते जुळत नाही. १७२.८ अंश, म्हणजे १/५० ठेवा. तरी पट्टे दिसले तर डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) काढा आणि उजेड कमी करायला लाईट लांब न्या. छोट्या जनरेटरवर लोड बदलला की फ्रिक्वेन्सी हलते, म्हणून क्लोजअप बॅटरीच्या लाईटवर घ्या. जनरेटर गढीच्या भिंतीआड ठेवा; लांबच्या केबलची तार जाड हवी, नाहीतर व्होल्टेज पडतं.

माळवदाची (धाब्याच्या छताची) माती झडते, कॅमेऱ्यावर ताडपत्री ताणा. प्रत्येक जागी मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. रातकिड्यांचा आवाज जागेगणिक बदलतो आणि कट लगेच कानाला टोचतो. हे हमखास राहून जातं.

उत्तर २
रक्तासाठी किलोभर साखर, अर्धा लिटर पाणी, एकतारी पाक. उकळतानाच अर्धं लिंबू पिळा. आंबटामुळे साखर परत दाणा धरत नाही. गार झाल्यावर खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको, नुसता लाल सरबतासारखा दिसतो. जमिनीवर सांडायला मात्र पाक नकोच, कॉर्नफ्लोअरची रंगवलेली खळ वापरा. साखर नसल्यानं मुंग्यांचा त्रास कमी.

उत्तर ३
मांजर असो की बैल, प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी घ्यायची (२००१ चे नियम). मंडळाचं ना-हरकत पत्र सेन्सॉर मागतं. नसेल तर सीन अडकतो. वेळ नसेल तर मांजराची सावली आणि आवाज यावर भागवा, भीती तेवढीच वाटते.

सेन्सॉरचा अर्ज ऑनलाइन. २०२४ च्या नियमांनी यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा सिनेमा) चे वयानुसार ७+, १३+, १६+ असे भाग केलेत. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर टीव्हीचा रस्ता बंद, म्हणून रक्ताचे शॉट थोडे लांबून घेतलेली आवृत्तीही शूटमध्येच काढून ठेवा. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तारीख जाहीर करू नका.

थेटरला डीसीपी (थेटरच्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल फाईल) द्यायची: २४ फ्रेम, ५.१ (सहा चॅनलचा) आवाज, स्कोप (रुंद पट्टीची चौकट) असेल तर २०४८×८५८ पिक्सेल. जुन्या सिंगल स्क्रीनचा दिवा मंद असतो, अंधारातले चेहरे पार बुडतात. ग्रेडिंग (रंग-उजेडाची शेवटची जुळणी) कायम करण्याआधी बीड किंवा लातूरच्या पडद्यावर सकाळी दहा मिनिटं लावून बघा.