जुन्या सर्व्हरवर .एसओ (शेअर्ड लायब्ररी) लोड होत नाही, जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३४ मागतेय. काय करू?

दुपारचा_चहा

मंडळी, तीन दिवस डोकं फोडून झालं, आता तुमच्यापुढे पदर पसरते.

सातबारा-फेरफाराच्या जुन्या स्कॅनमधून मजकूर काढायचं काम आहे. वाचतं टेसरॅक्ट, त्यावर मी सी++ मध्ये छोटासा रॅपर (मधला दुवा, हीच माझी .एसओ) लिहिलाय, आणि जावाची सर्व्हिस जेएनआयमधून (जावातून सी++ ला हाक मारायची सोय) तो वापरते. माझ्या लॅपटॉपवर, म्हणजे उबुंटू २२.०४ वर, मस्त चालतं. क्लायंटकडे सेंटओएस ७, जुनं लिनक्स. तिथे सर्व्हिस सुरू केली की अनसॅटिस्फाइडलिंकएरर आणि खाली ही ओळ:

/लिब६४/लिबसी.एसओ.६: व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड

ओएस बदलणार नाहीत, यंदा बजेट नाही म्हणे. डॉकरही (सगळं एका कंटेनरमध्ये बांधून चालवायची सोय) नको म्हणतात. रूट मात्र दिलंय. मला तीन वाटा दिसतात: सर्व्हरवर जीलिबसी अपग्रेड करायची, लॅपटॉपवरची लिबसी (जीलिबसीची मुख्य फाइल) तिकडे कॉपी करायची, किंवा सगळंच स्टॅटिक लिंक करायचं, म्हणजे लायब्ऱ्या फाइलच्या पोटातच घालायच्या. कुठली घेऊ?

रात्रपाळी

दुसरी वाट आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढा. हे मी केलेलं आहे, म्हणून सांगतो.

सेंटओएस ७ वर लिबसी.एसओ.६ ही नुसती सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी) असते, खरी फाइल लिबसी-२.१७.एसओ. मी नवी फाइल शेजारी ठेवली आणि सिमलिंक तिच्याकडे वळवली. एंटर मारला, पुढचं एलएस चाललं नाही. सीपी नाही, एमव्ही नाही, काहीच नाही, कारण झाडून सगळ्यांना लिबसी लागते. रात्रीचे दोन वाजलेले. दुसऱ्या खिडकीतून एसएसएच करून बघितलं तर लॉगिनच होईना. फक्त इको आणि सीडी चालत होतं, ते बॅश या शेलच्या पोटातलंच असतं म्हणून.

वाचलो ते एसएलएनमुळे. सिमलिंक बनवणाऱ्या एलएनचंच भावंड, पण स्टॅटिक बांधलेलं, त्याला लिबसी लागत नाही. उघड्या राहिलेल्या त्या एकाच रूट शेलमधून सिमलिंक परत २.१७ कडे वळवली. ती खिडकी चुकून बंद केली असती तर सकाळी डेटा सेंटरला जाऊन रेस्क्यू मोडने बूट करत बसलो असतो.

आणि पहिली वाटही तीच, फक्त सावकाश. चालत्या सिस्टिमची जीलिबसी बदलत नाहीत.

सुताराची_पट्टी

रात्रपाळींशी सहमत. नेमकं काय बिनसलंय ते सांगतो.

जीलिबसीचा कारभार एकाच दिशेने चालतो. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं नाही. तुमच्या उबुंटूवर २.३५ आहे, त्यांच्याकडे २.१७. लिंक करताना लिंकर प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का मारून ठेवतो, आणि लोड होताना तो शिक्का तिथे सापडला नाही तर सरळ नकार.

मग नेमकी २.३४ च का? तुम्ही नवं काही वापरलेलं नसणार. ऑगस्ट २०२१ मध्ये २.३४ आली तेव्हा लिबपीथ्रेड (थ्रेडसाठी) आणि लिबडीएल (लायब्ऱ्या लोड करायला) या वेगळ्या लायब्ऱ्या लिबसीतच विलीन केल्या. त्यामुळे पीथ्रेड_क्रिएटसारखी वर्षानुवर्षं असलेली फंक्शनंही नव्या शिक्क्यासह येऊ लागली. २.३४ किंवा त्यापुढे बांधलं आणि आत कुठे थ्रेड असला, की झालंच.

स्वतः बघायचं तर ऑब्जडम्प कमांडला मोठा टी देऊन .एसओ दाखवा आणि निकालात जीलिबसी_ ग्रेप करा. कुठलं फंक्शन कुठली आवृत्ती मागतंय ते ओळीने दिसेल. लॅपटॉपवर एलडीडी (कुठल्या लायब्ऱ्या सापडतात ते दाखवणारी कमांड) चालवून समाधान मानू नका, तिथे सगळं सापडणारच. एलडीडी सर्व्हरवर चालवा.

तिसऱ्या वाटेबद्दल: लायब्ररीत जीलिबसी स्टॅटिक घालायला जाऊ नका. जावाच्या प्रोसेसमध्ये एक लिबसी आधीच बसलेली आहे, तुम्ही पोटात दुसरी घेऊन याल. दोन मॅलॉक (मेमरी वाटणारे), दोन हिशेब. लिबएसटीडीसी++ (सी++ ची लायब्ररी) मात्र स्टॅटिक घालता येते, आणि ती पुढे लागेलच. कारण जीलिबसीचं मिटलं की पाठोपाठ जीलिबसीएक्सएक्सची, म्हणजे लिबएसटीडीसी++ च्या आवृत्तीची तक्रार येते. सेंटओएस ७ वरची ३.४.१९ ला थांबते.

कोकणकडा

म्हणजे चौथी वाट: जिथे चालवायचंय त्याच्याइतक्याच जुन्या घरात बांधा.

मेनीलिनक्स२०१४ नावाची डॉकर इमेज आहे. पायथनवाल्यांनी त्यांच्या व्हीलसाठी (तयार पॅकेज) केलेली, पण वापरायला पायथन असायलाच हवं असं काही नाही. पाया सेंटओएस ७ चाच, म्हणजे जीलिबसी २.१७, वर जीसीसी १० हा कंपायलर मिळतो. टेसरॅक्ट ५ ला सी++१७ लागतं, सेंटओएसच्या मूळ जीसीसी ४.८.५ ने ते होणार नाही, जीसीसी १० ने होईल. डॉकर तुमच्या लॅपटॉपवर लागेल, क्लायंटकडे नाही.

साध्या सेंटओएस ७ च्या इमेजवरून सुरुवात केलीत तर यम (पॅकेज उतरवणारी कमांड) रडेल. ३० जून २०२४ ला सपोर्ट संपला आणि मिररलिस्ट बंद पडली. रेपोच्या फाइलींत व्हॉल्टचा (जुन्या पॅकेजच्या कोठाराचा) पत्ता घालावा लागतो.

अर्धा_कटिंग

पण क्लायंटला डॉकर पटवूनच द्या ना, रोजची कटकट कशाला?

कोकणकडा

@अर्धा_कटिंग, पटलं तर उत्तमच. पण तिथेही खड्डा आहे. असल्या सर्व्हरवर डॉकरही जुनाच सापडतो. २०.१०.१० च्या आधीचा असेल तर नव्या जीलिबसीची क्लोन३ ही सिस्टिम कॉल तो अडवतो, आणि कंटेनरमध्ये जावा थ्रेडच काढू शकत नाही. एरर येते ऑपरेशन नॉट परमिटेड. माणूस दिवसभर परमिशन तपासत बसतो.

दुपारचा_चहा

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. मी ती फाइल सर्व्हरवर कॉपी करून ठेवलीच होती हो, फक्त सिमलिंक बदलायची बाकी होती. आधी डिलीट केली.

मेनीलिनक्समध्ये रॅपर बांधला. ऑब्जडम्प म्हणतं २.१७ च्या वर काही नाही. खुशीत सर्व्हरवर टाकला आणि पुन्हा तेच, व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड. अक्षर न् अक्षर तीच ओळ. आता?

सुताराची_पट्टी

अक्षर न् अक्षर तीच नसणार. ओळीचं शेपूट वाचा. रिक्वायर्ड बाय, आणि पुढे कोण?

दुपारचा_चहा

अरेच्चा. लिबलेप्ट.एसओ.५. ही लेप्टोनिका, टेसरॅक्टला लागणारी चित्रं हाताळायची लायब्ररी, नाही का? टेसरॅक्ट आणि लेप्टोनिका मी लॅपटॉपवरून उचलून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. आधीच्या एररच्या शेवटी माझ्या रॅपरचं नाव होतं, तेव्हा मी तेवढं वाचलंच नव्हतं.

सुताराची_पट्टी

झालं तर. साखळीतली प्रत्येक कडी त्याच कंटेनरमध्ये बांधायची: लेप्टोनिका, टेसरॅक्ट, त्यांच्या खालच्या पीएनजी-टिफ, मग तुमचा रॅपर. एकही तयार .एसओ बाहेरून आणायची नाही. आणि एलडी_लायब्ररी_पाथवर (लायब्ऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) भिस्त ठेवू नका, सर्व्हिस दुसऱ्या युजरने सुरू झाली की तो गायब होतो. लिंक करताना आरपाथमध्ये (फाइलमध्येच कोरलेला शोधमार्ग) डॉलर ओरिजिन द्या. म्हणजे प्रत्येक लायब्ररी आपल्या शेजारच्या फाइली आपल्याच फोल्डरात शोधेल.

गवती_चहा

धाग्यात घुसतो, जरा वेगळं आहे. माझी बायनरी आल्पाइन लिनक्सच्या डॉकर इमेजमध्ये टाकली. एलएसमध्ये फाइल समोर दिसतेय, चालवली की म्हणतं नो सच फाइल. वेड लागायची पाळी आलीये.

कोकणकडा

फाइल आहे, तिचा लोडर (लायब्ऱ्या जोडून तिला उठवणारा प्रोग्रॅम) नाही. आल्पाइन मसल या वेगळ्या सी लायब्ररीवर चालतं, जीलिबसीवर नाही. तुमची बायनरी आपल्याला उठवायला एलडी-लिनक्स या लोडरला हाक मारते आणि तो आल्पाइनच्या घरात राहतच नाही. कर्नलला सापडत नाही तो लोडर, पण शेल नाव घेतं तुमच्या फाइलचं. डेबियनची स्लिम इमेज घ्या आणि सुटा.

दुपारचा_चहा

परत मीच. सगळं कंटेनरमध्ये बांधलं, दीड दिवस गेला, त्यातला अर्धा टिफमध्ये. जीलिबसीची तक्रार गेली! पण नवीन पाहुणा: फेल्ड टू मॅप सेगमेंट फ्रॉम शेअर्ड ऑब्जेक्ट. तीच फाइल, तोच सर्व्हर, पण हाताने चाचणी केली की लोड होते, जारमधून (जावाच्या पॅकेज फाइलमधून) चालवली की नाही.

रात्रपाळी

जार .एसओ कुठे उलगडतो? टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरमध्येच ना? माउंट चालवून टीएमपीच्या ओळीत नोएक्झेक (इथलं काही चालवायला मनाई) दिसतंय का बघा.

दुपारचा_चहा

दिसतंय.

रात्रपाळी

ऑडिटवाल्यांची कृपा, आणि त्यांचं चूक नाही. नोएक्झेक काढायला सांगू नका. कोणी काढणार नाही, काढूही नये. जावाला जावा.आयओ.टीएमपीडीआयआर देऊन दुसरं फोल्डर दाखवा. त्याहून बरं म्हणजे जारमध्ये .एसओ कोंबूच नका. ऑप्टखाली एका जागी ठेवा आणि सिस्टिम.लोडला पूर्ण पत्ता द्या. तसंही तुमचं आरपाथ शेजारच्या फाइली शोधणार, मग सगळ्या एकाच फोल्डरात असलेल्या बऱ्या.

दुपारचा_चहा

चाललं!! ऑप्टखाली ठेवलं, पहिल्या फटक्यात लोड झालं. काल रात्रीपासून सर्व्हिस सुरू आहे. एकच शंका: पुढच्या वर्षी ते रेड हॅट ९ वर जाणार म्हणतात. तेव्हा पुन्हा सगळं बांधावं लागेल का?

सुताराची_पट्टी

नाही. तिथे जीलिबसी २.३४ आहे, २.१७ वर बांधलेलं तिला चालतं. तुमच्या साखळीतल्या सगळ्या .एसओ तुम्ही सोबतच नेताय, त्यामुळे खालच्या पीएनजी-टिफच्या आवृत्त्या बदलल्या तरी फरक नाही. फक्त सर्व्हर एआरएम प्रोसेसरचा घेतला तर मला हाक मारा, ते प्रकरण निराळं.

दुपारचा_चहा

मारीन. आता टेसरॅक्ट आमच्या स्कॅनमध्ये 'खातेदार'चं 'खातेढार' वाचतंय, त्याचा नवा धागा काढते.