लॅपटॉपवरून स्टेजवर कीबोर्ड वाजवणारे, गाणं चालू असताना टोन बदलायला कसे शिकलात?

काळीपाच:

१७ वर्षं एकाच वर्कस्टेशन कीबोर्डवर वाजवतोय. टोन बदलायला मला त्याच्याकडे बघावंही लागत नाही. उजवा हात सूर धरून असतो आणि डावा आपसूक चौथ्या बटणावर जातो. आता त्याचा डिस्प्ले अर्धा अंधारलाय, वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या वाजतच नाहीत. म्हणून लॅपटॉपकडे वळलो. विंडोज, १६ जीबी रॅम, दोन इन-दोन आउटचा ऑडिओ इंटरफेस, ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (स्वतः आवाज न काढता कुठला सूर दाबला ते लॅपटॉपला कळवणारा) आणि गिग परफॉर्मर हे स्टेजवर वाजवण्याचं सॉफ्टवेअर.

घरी फार छान वाटलं. पहिल्या रात्री पियानोची एक कॉर्ड दाबून ती पूर्ण विरेपर्यंत ऐकत बसलो होतो, पुन्हा पुन्हा. इतक्या वर्षांत माझ्या हातून असा आवाज निघाला नव्हता.

परवा बँडबरोबर पहिली तालीम झाली. तिसऱ्या गाण्यात मुखड्याला पियानो, मधल्या म्युझिकला स्ट्रिंग्ज, अंतऱ्याला इलेक्ट्रिक पियानो. म्युझिकच्या आधी माउस धरायला हात उचलला, यादीतली एक ओळ खालची निवडली गेली आणि स्ट्रिंग्जच्या जागी ब्रास वाजलं. गायिका थांबली. ती काहीच बोलली नाही, पण पुढच्या गाण्याआधी माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तयार?" १७ वर्षांत तिला हे कधी विचारावं लागलं नव्हतं. ते मनातून जात नाहीये.

अडचणी अशा. ४० गाण्यांसाठी ४० रॅकस्पेस (गिग परफॉर्मरमधले टोनचे संच) केल्यात, प्रत्येकीत वेगळा पियानो, त्यामुळे फाइल उघडायला चार-पाच मिनिटं जातात. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे पाठवतो तो आकडा) ५१२ वर ठेवलाय. खाली आणला की चरचर येते, आणि ५१२ वर जलद गाण्यांत बोटं पुढे, आवाज मागे असं होतं. शिवाय टोन बदलला की आधीच्या टोनचा शेवट कात्रीनं कापल्यासारखा तुटतो. मॅन्युअल वाचतोय, व्हिडिओ बघतोय, रोज एक नवीन सोय सापडते आणि मी आणखी गोंधळतो. पुढची तालीम ११ दिवसांनी आहे. सुरुवात कुठून करू?

डावाहात:

काळीपाच, नऊ वर्षं लॅपटॉपवर वाजवतेय, आधी मेनस्टेज या तशाच सॉफ्टवेअरवर, आता गिग परफॉर्मरवर. तुमच्या गायिकेचा प्रश्न वाचून पोटात कालवलं. मलाही एकदा अशीच एक नजर मिळाली होती.

मॅन्युअल आठवडाभर बंद ठेवा. ४० गाणीही बाजूला. फक्त ते तिसरं गाणं घ्या.

एक रॅकस्पेस करा आणि त्या गाण्यातले तिन्ही टोन तिच्यातच ठेवा. मग तीन व्हेरिएशन करा. रॅकस्पेस बदलताना प्लगइनचा (म्हणजे आवाज काढणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा) अख्खा संच बदलतो, व्हेरिएशन बदलताना मात्र प्लगइन तेच राहतात, फक्त तुम्ही लावलेल्या विजेटच्या (पडद्यावरच्या बटणं-फेडरच्या) जागा बदलतात. म्हणून एका गाण्याच्या आतले बदल शक्यतो व्हेरिएशननं करायचे.

आता कात्रीचं. पियानो बंद करायला तुम्ही त्याचा आउटपुट फेडर शून्यावर आणत असाल, तर घुमणारा सूरही त्याच्याबरोबर मरणारच. आत जाणारे सूर थांबवा, बाहेर येणारा आवाज मोकळा ठेवा. म्हणजे विजेट त्या प्लगइनच्या मिडी इन ब्लॉकला (सूर आत येतात त्या ठोकळ्याला) लावा आणि रिव्हर्ब (घुमाऱ्याचा इफेक्ट) सगळ्यांच्या शेवटी, मिक्सरच्या नंतर, एकच ठेवा. मग कॉर्ड धरा, टोन बदला, बोटं उचला. पियानो आपल्या आपण विरला पाहिजे आणि एकही सूर अडकून राहता कामा नये. हे सस्टेन पेडल दाबून आणि सोडून, दोन्ही प्रकारे तपासा. एका रॅकस्पेसमधून दुसरीत जाताना शेवट टिकवण्यासाठी पॅच पर्सिस्ट नावाची सोय आहे, ती ऑप्शन्समध्ये बघा.

४० पियानो कशाला? एक चांगला पियानो ग्लोबल रॅकस्पेसमध्ये ठेवा आणि सगळ्या गाण्यांना तोच पुरवा. (मेनस्टेजवाल्यांनी अलियास वापरावं, कँटाबिले हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी लिंक्ड रॅक. कल्पना तीच.) फाइल उघडायला लागणारा वेळ यानं लगेच कमी होईल. पण याचा चरचरीशी संबंध जोडू नका. वाजत नसलेल्या रॅकस्पेस मेमरीत बसून असतात, प्रोसेसरवर त्यांचा भार नसतो. हे दोन आजार वेगळे आहेत. मी स्वतः दोन महिने एकाचं औषध दुसऱ्याला देत होते.

चरचरीसाठी आधी बघा की इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिरानं पोचवणारा) निवडलाय ना. मग लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवा, कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतोय ते ते दाखवतं. पुष्कळदा वायफायचा निघतो. वायफाय आणि ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे नमुने) ५१२ चा बफर म्हणजे १०.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, १२८ म्हणजे २.७. यावर ड्रायव्हर स्वतःचा थोडा उशीर घालतो तो वेगळा. आवाज हवेतून १ मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे आज तुम्ही आपल्याच स्पीकरपासून साडेतीन मीटरवर उभे राहून वाजवताय. २५६ वर आलात तरी बोटांना फरक कळेल.

आणि माउस तालमीत आणूच नका. एक साधा फूटस्विच घ्या आणि 'पुढचा' ही एकच आज्ञा त्याला द्या. गाण्याचे भाग वाजण्याच्या क्रमानं लावा: मुखडा, म्युझिक, अंतरा, मुखडा. पहिल्या आणि शेवटच्या मुखड्याचा टोन एकच असला तरी ते दोन वेगळे भाग करा. म्हणजे पायाला कधीच विचार करावा लागणार नाही. स्विच दाबताना १२७ हा आकडा आणि सोडताना ० पाठवतो. 'पुढचा' फक्त १२७ ला जागा होतो ना, हे बघून घ्या. नाहीतर एका दाबात दोन भाग पुढे जाल.

यापुढचं काम वाजवण्याचं आहे, सॉफ्टवेअरचं नाही. पाय नेमका कुठल्या मात्रेवर पडणार ते कागदावर लिहा. मुखड्याच्या शेवटच्या बारात चौथ्या मात्रेवर डावा हात रिकामा असेल तर तिथेच. रिकामा नसेल तर बोटं बदलून तो रिकामा करा. मग फक्त ते दोन बार, मुखड्याचा शेवटचा आणि म्युझिकचा पहिला, हळू लयीत ५० वेळा. तुमचा डावा हात त्या चौथ्या बटणावर आपसूक जातो, तो काही पहिल्या दिवसापासून जात नव्हता.

मागचीरांग:

मी साउंडच्या मिक्सिंग बोर्डवर बसतो, म्हणून ऐकणाऱ्यांच्या बाजूनं.

काळीपाच, टोनच्या लेव्हल हेडफोनवर जुळवू नका. घरी कमी आवाजात मऊ वाटणारा पॅडचा (लांबवलेल्या पार्श्वभूमीचा) टोन मोठ्या स्पीकरवर गायिकेला झाकून टाकतो आणि पियानो ड्रमच्या खाली बुडतो. तालमीच्या आवाजात स्पीकरवर, एक्स्प्रेशन पेडल (आवाज कमी-जास्त करणारं) पूर्ण पुढे ठेवून, पियानोला आधार धरून बाकी सगळे त्याच्याशी जुळवा. मला सारखा तुमचा फेडर पकडावा लागला, तर गायिकेकडे माझं लक्ष राहत नाही.

आणखी एक. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला मोनोच मिळेल, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा आवाज एकत्र. काही स्टिरिओ पियानो मोनो केले की पोकळ होतात, कारण दोन माइकमध्ये वेगवेगळ्या वेळी पोचलेला आवाज एकमेकांना खातो. पियानो निवडताना मोनोचं बटण दाबूनच निवडा.

चार्जर लावल्यावर घरघर आली तर ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी) आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्ट (घरघर तोडणारा खटका) वापरा. प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका, जिवाशी खेळ आहे.

चौथाठोका:

मी ड्रमर. आमच्याकडे एबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअर आहे, आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक आणि क्लिक (लय धरायची टकटक) त्यावरून जातात. त्याच्या सेशन व्ह्यूमध्ये क्लिप दाबली की ती पुढच्या बाराच्या तोंडाशीच सुरू होते, मूळ सेटिंगच तसं असतं, त्यामुळे थोडं आधी दाबलं तरी चालतं. पण त्यासाठी सगळ्यांनी क्लिकवर वाजवायला हवं. २०२१ च्या लाइव्ह ११ पासून बाहेरून येणाऱ्या ठेक्यामागे टेम्पो चालवायची सोय आली आहे, तरी गायिका लय ओढत-सोडत गात असेल तर मी तुम्हाला तिकडे जा म्हणणार नाही. तुमच्या कामाला गिग परफॉर्मरच बरं. पुढे कधी ट्रॅक घ्यायचे ठरलं तर चार आउटचा इंटरफेस लागेल, आउट १ आणि २ श्रोत्यांसाठी आणि आउट ३ वरून माझ्या कानात क्लिक.

डावाहात:

एक राहिलं होतं. पॅनिकचं, म्हणजे सगळे सूर एकदम थांबवणारं, बटण कीबोर्डवरच्या एखाद्या रबरी पॅडला लावून ठेवा. मिडीत सूर सुरू करणारा संदेश वेगळा आणि थांबवणारा वेगळा असतो. मधेच यूएसबीची वायर हलली तर थांबवणारा पोचतच नाही आणि सूर लागून राहतो. जुना कीबोर्ड शेजारी पियानोवर लावून, मिक्सरमध्ये वेगळा चॅनल घेऊन ठेवा. तालमीत एकदा मुद्दाम लॅपटॉपची वायर काढा आणि न थांबता तिकडे जा. सगळ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

काळीपाच:

काल तालीम झाली. ताई, तुमचं अक्षरशः ऐकलं. ४० पैकी १२ गाणीच नव्यानं बांधली आणि बँडला सांगितलं की लॅपटॉपवर एवढीच, बाकीची जुन्या कीबोर्डवर.

लेटन्सीमॉनमध्ये वायफायचाच ड्रायव्हर निघाला. आता २५६ वर एकही चरचर नाही. १२८ वर दोन जड स्ट्रिंग्जला येते, त्यामुळे २५६ वर थांबलो. एकच पियानो ठेवल्यावर फाइल ४० सेकंदांत उघडते. मागचीरांग, माझा लाडका पियानो मोनोत खरंच पोकळ निघाला. वाईट वाटलं, पण बदलला.

पायाला सहा दिवस लागले. पहिले दोन दिवस पाय पडला की उजव्या हाताची लय हलायची. मग तुम्ही म्हणालात तसे फक्त ते दोन बार घेतले, मोजून. पाचव्या दिवशी कधीतरी लक्षात आलं की मी पायाकडे बघत नाहीये.

वायर काढायचा प्रयोग चौथ्या गाण्यात केला. सूर लागून राहिला, पॅनिक दाबलं, जुन्या कीबोर्डवर गेलो. दीड बार गेला असेल, बाकीचे वाजवत राहिले.

आणि ते तिसरं गाणं. अंतरा संपता संपता तिनं हातानं खूण केली, पुन्हा अंतरा. हे आमचं ठरलेलं नव्हतं. माझा पाय तोवर 'पुढचा'वर पडून मुखड्याचा पियानो आला होता. अख्खा अंतरा पियानोवरच वाजवला. तिला आवडला, म्हणाली हाच ठेवू दुसऱ्या वेळी. पण मला तो निवड म्हणून वाजवता यायला हवा होता. 'मागचा'साठी दुसरा फूटस्विच लावू का? आणि लावला तर सस्टेनच्या कुठल्या बाजूला?

डावाहात:

लावा. सस्टेन उजव्या पायाला, 'पुढचा' डाव्याला, आणि 'मागचा' त्याच्याही डावीकडे, वीतभर अंतर सोडून आणि थोडा मागे. घाईत चुकून पडू नये इतका लांब. आणि कीबोर्ड चालू करताना कुठल्याच पेडलवर पाय नको. बरेच कीबोर्ड त्या क्षणी पेडलची स्थिती वाचतात, दाबलेलं असलं तर सगळं उलटं चालतं. त्या गाण्यात आता पाच भाग करा, दुसरा अंतरा पियानोवर.