मदत हवी आहे: गोव्याच्या दाबोळी विमानतळाचा पावसाळी मेटार (हवामान अहवाल), धावपट्टी 26 वर उतरता येईल का?

सराव_मेट
डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) वैमानिक परीक्षेतल्या हवामानशास्त्राच्या पेपरची तयारी सुरू आहे. दाबोळीचा जुलैमधला नमुना मेटार असा घेतला आहे: वारा 220 अंशांवरून 20 नॉट (ताशी सागरी मैल), झोत 32. दृश्यता 1500 मीटर, जोराचा पाऊस. ढग स्कॅटर्ड (विखुरलेले) 600 फूट, ब्रोकन (निम्म्याहून जास्त आकाश) 1200, ओव्हरकास्ट (पूर्ण आकाश) 8000. तापमान 25, दवबिंदू 24, क्यूएनएच (समुद्रसपाटीचा हवेचा दाब) 1004. ट्रेंड (पुढचा अंदाज): टेम्पो, म्हणजे तात्पुरती दृश्यता, 800 मीटर. विमान एअरबस ए320, आयएलएस (रेडिओ संकेतांवर उतरण्याची प्रणाली) कॅट वन.
आडवा वारा किती धरायचा? सीलिंग (निम्म्याहून जास्त आकाश झाकणाऱ्या सर्वांत खालच्या ढगाची उंची) 600 की 1200? टेम्पो 800 असताना निघायचं का? अल्टरनेट (पर्यायी विमानतळ) म्हणून गोव्याचंच मोपा चालेल?

पश्चिमवारा
धावपट्टी 260 अंश, वारा 220, म्हणजे कोन 40. साइन 40 = 0.64. सरासरी वाऱ्याचा आडवा घटक 13 नॉट, झोताचा साधारण 20.5. निर्णय झोताच्या आकड्यावर घ्या. मेटारमधली दिशा खऱ्या उत्तरेची, टॉवर सांगतो ती चुंबकीय. गोव्यात फरक नगण्य आहे, पण परीक्षेत हे हमखास विचारतात. शिवाय मेटारचा वारा 10 मिनिटांची सरासरी, टॉवरचा 2 मिनिटांची. पावसाची सर विमानतळावर येत असताना या दोन आकड्यांत मोठी तफावत दिसते.

सीलिंग 1200. स्कॅटर्ड म्हणजे 3-4 ऑक्टा (आकाशाचे आठवे भाग), ते सीलिंगमध्ये धरत नाहीत. इथे एक खाच आहे: ढगाची उंची विमानतळापासून, निर्णयउंची (धावपट्टी दिसल्याशिवाय ज्याखाली जायचं नाही ती) मात्र समुद्रसपाटीपासून. दाबोळी 184 फुटांवर, त्यात कॅट वनचे 200 मिळवले की साधारण 384. नेमका आकडा चार्टवरचाच घ्या.

आरव्हीआर_बघा
टेम्पो म्हणजे प्रत्येक वेळी एक तासापेक्षा कमी आणि एकूण मुदतीच्या निम्म्याहून कमी. मेटारखालचा ट्रेंड दोन तासांचा असतो. अरबी समुद्रावरून येणारी सर बहुतेकदा अर्ध्या तासात पुढे सरकते, म्हणून निघू नका असं नाही, पण घिरट्या घालण्यापुरतं जादा इंधन हवं. शेवटची 30 मिनिटांची राखीव त्यात मोजायची नाही.

कॅट वनला आरव्हीआर (धावपट्टीवर मोजलेली दृश्यता) किमान 550 मीटर. विमान विमानतळापासून 1000 फुटांच्या वर असताना आरव्हीआर 550 च्या खाली गेला तर पुढे उतरत जाता येत नाही. 1000 फुटांच्या खाली आल्यावर आरव्हीआर घसरला तर निर्णयउंचीपर्यंत जाता येतं. तिथे दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही की गो-अराउंड (पुन्हा वर चढायचं), दुसरा विचार नाही. आरव्हीआर मिळत असेल तर मेटारमधल्या दृश्यतेचं आरव्हीआरमध्ये रूपांतर करत बसू नका.

सराव_मेट
म्हणजे आडवा वारा मर्यादेत, दृश्यताही पुरेशी. मग अडचण कुठे?

पश्चिमवारा
पाण्यात. ए320 चा उतरताना सिद्ध झालेला आडवा वारा झोतांसह 38 नॉट आहे, पण तो पाणी न साचलेल्या धावपट्टीचा. 3 मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलं की धावपट्टी नुसती ओली राहत नाही, दूषित धरली जाते आणि मर्यादा जवळपास निम्म्यावर येते. तुमचे 20.5 नॉट तिथेच अडतात! त्यामुळे ब्रेकिंग अ‍ॅक्शनचा (धावपट्टीवर ब्रेक कितपत लागतो त्याचा) ताजा अहवाल मागणं अत्यावश्यक.

पाण्यावर टायर तरंगण्याचा वेग: टायरदाबाच्या (पीएसआय, पाउंड प्रति चौरस इंच) वर्गमुळाची 9 पट. 200 पीएसआयला सुमारे 127 नॉट, म्हणजे उतरण्याच्या वेगाच्या जवळच. म्हणून विमान ठरलेल्या पट्ट्यातच, ठामपणे टेकवायचं. अलगद टेकवण्याच्या नादात पाण्याचा थर फुटत नाही आणि धावपट्टी वाया जाते. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडच्या विमान अपघातात उशिरा टेकणंच महाग पडलं: पाठवारा, पाऊस, आणि 2700 मीटरच्या धावपट्टीवर साधारण 1350 मीटर संपल्यावर चाकं टेकली. नियोजनात कोरड्या धावपट्टीसाठी लागणारं अंतर ओल्यासाठी 1.15 पट करायचं.

आरव्हीआर_बघा
मोपाबद्दल. सरळ रेषेत जेमतेम 40 किलोमीटर, म्हणजे तीच सर, तोच ढग. त्यात मोपा पठारावर, दाबोळीहून उंच. समुद्रसपाटीपासून त्याच उंचीचा ढग तिथे धावपट्टीच्या जास्त जवळ येतो. बेळगाव कागदावर जवळ दिसतं, पण सुमारे 2500 फुटांवर आणि घाटमाथ्याच्या पाठीशीच, जुलैत ढग खाली उतरलेले असतात. बंगळूर किंवा हैदराबाद घ्या, दोन्ही पर्जन्यछायेच्या बाजूला आहेत. त्यांचा टाफ (विमानतळाचा हवामान अंदाज) बघताना तुमच्या पोहोचण्याच्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंतचा भाग तपासा. दुपारनंतर तिथे गडगडाटी ढग असले तर इंधनाचं गणित पुन्हा मांडा.