शब्दचर्चा : घुसखोर, स्थलांतरित, निर्वासित… विषयाच्या ओळीत कुठला शब्द घालावा?

होटगी रोडवरून (कॉलेजात मराठी शिकवते)

नमस्कार. आमच्याकडे पुढच्या महिन्यात वादविवाद स्पर्धा आहे. परदेशातून विनापरवाना येणारे लोक, सीमेचा बंदोबस्त आणि त्यात सरकारनं काय करावं, एवढं ठरलंय. अडलंय ते विषयाच्या ओळीपाशी. समितीची ओळ अशी आहे : 'घुसखोरी रोखण्यात सरकार अपयशी ठरले आहे.' ही ओळ दिली तर प्रतिकूल बाजूच्या पोरांनी उभं राहून बोलायचं काय? घुसखोरी चांगली असते म्हणून? मी 'बेकायदा स्थलांतर' सुचवलं, तर एक सहकारी म्हणाले, हे तहसीलच्या फळ्यावरच्या सूचनेसारखं वाटतं.

म्हणून विचारते. घुसखोर, स्थलांतरित, निर्वासित, शरणार्थी, परप्रांतीय हे शब्द आपल्याकडे नेमके कुणाला लावले जातात? कोशातला अर्थ माझ्याकडे आहे, मला वापरातला हवाय.

साखर पेठेतून

मॅडम, एवढं काय अवघड आहे ओ त्यात? रात्रीचं तार कापून आत आला त्याला घुसखोर म्हणायचं नाही तर काय पाव्हणा म्हणायचं? काम तसं आहे म्हणून शब्द तसा आहे. मिळमिळीत शब्द दिला की भाषणंबी मिळमिळीतच ऐकायला मिळणार बघा.

दक्षिण कसब्यातून (वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, आता निवृत्त)

साखर पेठवाल्यांचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. 'घुसखोर' आम्ही का वापरायचो, त्याचं खरं कारण सांगू? चार अक्षरं. एका कॉलमाच्या मथळ्यात बसतात. 'बेकायदा स्थलांतरित' दोन कॉलम खातो. शब्द निवडताना तत्त्वबित्त्व कुणी काढत नसे, रात्री अकराला पान सोडायचं असे.

पण या शब्दाची वंशावळ बघा. 'खोर' हा फारसी प्रत्यय, खाणारा या अर्थाचा. लाचखोर, हरामखोर यांत खाणं सरळ दिसतं. पुढे मराठीत तो सवयीचा आणि स्वभावाचा प्रत्यय झाला : भांडखोर, चुगलखोर, नफेखोर. एकदा भांडला म्हणून कुणी भांडखोर होत नाही. मात्र आयुष्यात एकदाच सीमा ओलांडलेला माणूस, मग तो वीस वर्षं विटा वाहत असला तरी, कायमचा घुसखोर. कृत्य एकदाचं, शिक्का जन्माचा. शब्द कडक का वाटतो याचं उत्तर 'घुस'मध्ये नाही, 'खोर'मध्ये आहे, असं माझं मत.

एक गंमत. हिंदीत 'घूसखोर' म्हणजे लाचखोर. सीमेवरून येणाऱ्याला ते 'घुसपैठिया' म्हणतात. आपली बातमी उत्तरेकडचा कुणी वाचायला गेला तर त्याला वाटेल सोलापुरात अँटी करप्शनची धाड पडली.

जुळे सोलापुरातून

'घुसखोर' हा मराठीत मुळात देशाच्या सीमेचा शब्दच नाही. मुंबईत म्हाडाच्या संक्रमण शिबिरात हक्क नसताना राहणाऱ्यांना अधिकृतपणे घुसखोरच म्हणतात, आणि ते बहुतेक इथलेच. रेशनच्या रांगेतही घुसखोरी होते. दुसऱ्या टोकाला १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर बंदुका घेऊन बसलेले, तेही घुसखोर. शिखरावरचा सैनिक आणि भिवंडीत लूमवर रात्रपाळी करणारा पोऱ्या एकाच शब्दात कोंबल्यावर वाद होणार कसा? दोघांचा बंदोबस्त एकच असतो का?

सिद्धेश्वर पेठेतून (वकिली करतो)

मॅडम, कायद्यातली विभागणी सांगतो, तुमच्या ओळीला उपयोगी पडेल.

नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्यात 'बेकायदा स्थलांतरित' या अर्थाची व्याख्या २००३ च्या दुरुस्तीने आली. तिच्यात दोन प्रकारचे परदेशी येतात : एक, वैध कागदपत्रांशिवाय आत आलेला; दुसरा, रीतसर व्हिसावर आला पण मुदत संपली तरी राहिला. दुसरा घुसलेला नाही, तो विमानातून उतरून, शिक्का मारून घेऊन आला. त्याला घुसखोर म्हणणं मराठी म्हणूनसुद्धा चूक.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांच्या प्रवेशाचा आणि मुक्कामाचा नवा कायदा लागू झाला. त्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे मोडीत काढले. या कायद्यातही दोघांचा दर वेगळा आहे : पासपोर्ट-व्हिसाशिवाय शिरला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मुदत उलटून राहिला तर तीन वर्षं आणि तीन लाख. म्हणजे खुद्द सरकार जो फरक करतं, तो आपला मथळा करत नाही.

आणि हे बघा. २०१९ च्या दुरुस्तीने ठरवलं की पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती हे बेकायदा स्थलांतरित धरायचे नाहीत. ते योग्य की अयोग्य यावर तुमची पोरं भांडोत. शब्दचर्चेपुरतं एवढंच, की त्या माणसांनी काही केलं नाही, ती आहे तिथेच राहिली, आणि त्यांना लागू असलेला शब्द संसदेत बदलला.

साखर पेठेतून

वकीलसाहेब, ते कबूल. पण तुमचा तो मुदत संपलेला तरी काय नकळत राहतो का? पासपोर्टवर तारीख छापलेली असते की. दोघंबी कायदा मोडूनच राहिले. आणि परदेशी नाही, मी इथलाच, हे सिद्ध करायचा भार त्याच माणसावर आहे ना? मग 'बिचारा स्थलांतरित' हे सूर कशाला?

सिद्धेश्वर पेठेतून (वकिली करतो)

भार त्याच्यावर आहे, बरोबर. १९४६ च्या कायद्यात तसा होता, नव्यातही आहे. म्हणूनच शब्द जपून वापरायचा. निकालाआधी 'घुसखोर' छापलं की भार उचलायची संधीच जाते. चोरीच्या खटल्यात आपण 'आरोपी' लिहितो, 'चोर' लिहीत नाही. इथे 'संशयित परदेशी नागरिक' असं साधं मराठी का चालू नये?

दक्षिण कसब्यातून (निवृत्त उपसंपादक)

चालतं, पण लिहितो कोण? फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान हातापायांत बेड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. मराठीत त्यांना कुणी 'घुसखोर' म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. 'बेकायदा स्थलांतरित', 'अमेरिकेतून परत पाठवलेले' असं सगळं नीट, लांबलचक. तेव्हा बरे कॉलम पुरले. आपला माणूस दुसऱ्याच्या दारात उभा असला की आपल्याला मोठे शब्द सुचतात.

जाता जाता : 'परत पाठवणी' हा प्रयोग मला कानाला खटकतो. पाठवणी लेकीची करतात, तीही डोळ्यांतून पाणी काढून. बेड्या घालून करतात ती रवानगी.

विजापूर रोडवरून

मग 'हद्दपार' म्हणा की. नेमका शब्द आहे.

सिद्धेश्वर पेठेतून (वकिली करतो)

तो आधीच गुंतलेला आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली गुंडांना दोन वर्षांपर्यंत हद्दपार करतात, ज्याला गावभर तडीपार म्हणतात. 'सोलापूर-धाराशिव जिल्ह्यांतून हद्दपार' हे तुम्ही रोज वाचता. तो माणूस नागरिकच असतो, इंडी-विजापूरकडे जाऊन बसतो आणि आषाढीला पंढरपुरात सापडतो. देशाबाहेर घालवण्याला हाच शब्द लावला की ऐकणारा घोटाळ्यात पडतो.

अक्कलकोटहून

सोलापूर जिल्ह्यात 'सीमा' म्हटलं की आधी कर्नाटकच आठवतं, हे तुमच्या पोरांना बजावून ठेवा. महाजन आयोगानं १९६७ साली दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडची गावं कर्नाटकाला द्यायची शिफारस केली होती. आमच्याकडे घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. 'सीमावासी' हा शब्द आम्ही स्वतःला लावतो, त्यात कुंपण नाही.

'परप्रांतीय'चं तर विचारूच नका. प्रांत मोडून राज्यं झाली त्याला किती काळ लोटला. आता 'प्रांत' म्हणजे प्रांताधिकारी, दाखल्यावर सही करणारे साहेब. तरी परप्रांतीय जिवंत आहे. आणि तो सगळ्यांना लागत नाही. पूर्व भागातले पद्मशाली तेलंगणातून आले, हातमाग आणले, चादरीनं शहराचं नाव केलं. त्यांना परप्रांतीय म्हणून बघा एकदा भद्रावती पेठेत!

साखर पेठेतून

म्हणूनच बघा म्हणलं. आमचं आडनाव तेलुगू, घरात तेलुगू. पणजोबा आले तेव्हा कुणाचा परवाना नव्हता लागत, देशातल्या देशात होतं. आजबी घटनेच्या कलम १९ नं देशात कुठंबी राहता येतं. ते स्थलांतर. बाहेरच्या देशातून चोरून येणं वेगळं. दोन्हीला एकच 'स्थलांतरित' लावलात तर आम्हालाबी त्याच पोत्यात घालताय. माझा राग त्याचा आहे.

होटगी रोडवरून

हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. 'घुसखोर' टाळायच्या नादात 'स्थलांतरित' इतका सैल करायचा की साखर पेठेतला विणकर, ऊसतोड टोळी आणि विनापासपोर्ट आलेला माणूस एका रांगेत उभे राहतील, हेही बरं नाही. तसाही तो शब्द दमलाय. 'कार्यालय स्थलांतरित झाले आहे' इथपासून उजनीच्या पाणफुगवट्यावरच्या रोहित पक्ष्यांपर्यंत सगळं त्यातच. आणि त्या रोहितांना दर हिवाळ्यात आपण 'परदेशी पाहुणे' म्हणतो!

जुळे सोलापुरातून

हिंदीतला 'अवैध प्रवासी' उचलायचा का? काही मराठी चॅनेल उचलतात.

दक्षिण कसब्यातून (निवृत्त उपसंपादक)

नको हो. सोलापुरात 'अवैध प्रवासी वाहतूक' म्हणजे एसटी स्टँडबाहेरच्या वडाप जीपा. आरटीओ येईल कारवाईला.

बार्शीहून

मी ऐंशीच्या पुढचा आहे, म्हणून जुनं सांगतो. तुम्ही सगळे सीमा पंजाब-बंगालकडे शोधताय. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत सीमा आपल्या दाराशी होती. तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या राज्यात. बार्शीतून थोडं बाहेर पडलं की करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. रझाकारांच्या धामधुमीत तिकडची कुटुंबंच्या कुटुंबं इकडे आली, बैलगाडीत धान्य आणि भांडी घालून. आमच्या घरातल्या बायका त्यांना निर्वासित म्हणत नसत, स्थलांतरित तर नाहीच. 'मोगलाईतून आलेत' एवढंच. मग १३ सप्टेंबरला सोलापूरहून फौज नळदुर्गच्या रस्त्यानं निघाली, १७ ला निजाम शरण आला आणि सीमाच गेली. बरेच जण परत गेले, काही राहिले. राहिले त्यांचे नातू आज मोगलाई शब्दाचा अर्थ विचारतात.

'निर्वासित' मी पहिल्यांदा ऐकला तो सिंधी लोकांसाठी. निर्वासित म्हणजे ज्याला घालवून दिलं तो. शरणार्थी म्हणजे जो आसरा मागतो तो. १९७१ ला टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, त्यावर हिंदीत 'शरणार्थी सहायता' छापलेलं असे. मराठीत मात्र आम्ही 'बांगला निर्वासित'च म्हणत होतो. निर्वासित म्हटलं की कुणी घालवलं हा प्रश्न आपोआप पुढे येतो, म्हणून मला तो शब्द आवडतो.

सिद्धेश्वर पेठेतून (वकिली करतो)

काकांनी चांगली आठवण दिली. एक पुरवणी : १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही, आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. म्हणजे मराठीत निर्वासित आहे, कायद्याच्या पुस्तकात तो फक्त परदेशी. त्याला ठेवायचं की घालवायचं हे सरकारच्या धोरणावर. 'सरकारची भूमिका' हा तुमच्या विषयाचा भाग असेल तर खरी वादाची जागा ही आहे.

आणि 'सरकार' म्हणजे कुठलं तेही लिहा. परदेशी लोक, नागरिकत्व, देशात प्रवेश हे केंद्र सूचीत. पोलीस राज्याचे. पकडणारा हवालदार राज्याचा, ठरवणारा केंद्राचा. 'सरकार अपयशी' म्हटलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे.

सेटलमेंटमधून

शब्द कोण देतं यावर मलाही बोलायचंय. आमच्या वस्तीचं नावच बघा. १८७१ च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि इथे सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवल्या. मिलमध्ये कामाला जायचं, ठरल्या वेळी परत यायचं, हजेरी द्यायची, बाहेरगावी जायचं तर पास. सीमा नाही, परदेश नाही, तरी तार होती. १९५२ ला कायदा रद्द झाला आणि आम्ही 'विमुक्त' झालो. तोही शब्द सरकारनंच दिला. चांगला आहे, ३१ ऑगस्ट आम्ही पाळतो. पण पोलिसांच्या तोंडातला जुना शब्द अजून गेलेला नाही.

साखर पेठवाल्यांना विरोध म्हणून हे लिहीत नाही. देशानं सीमा राखावी, माझा भाचा सीमा सुरक्षा दलात आहे. फक्त कृत्याचं नाव आणि माणसाचं नाव वेगळं ठेवा. 'घुसखोरी' म्हणा हवं तर. 'घुसखोर' म्हणताना थांबा.

साखर पेठेतून

हे पटलं. घुसखोरी ठेवा, घुसखोर नको. मान्य.

होटगी रोडवरून

सगळ्यांचे आभार. समितीपुढे आज ही ओळ ठेवतेय : 'परदेशातून होणारी घुसखोरी रोखण्यासाठी केंद्र सरकारने सीमेवरील बंदोबस्तापेक्षा निर्वासितांच्या स्वतंत्र कायद्यावर अधिक भर द्यावा.' आता दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. मुदत उलटून राहिलेले यात येत नाहीत, ते मुद्दाम सोडलेत.

दक्षिण कसब्यातून (निवृत्त उपसंपादक)

ओळ उत्तम. फ्लेक्सवर बसणार नाही.

विजापूर रोडवरून

आणि 'अधिक भर'मधला 'अधिक' काढा. 'पेक्षा' आहे ना आधीच.

होटगी रोडवरून

काढला.