ऑस्ट्रोनेशियन भाषांत ‘हात’: यांतले सगोत्र शब्द कोणते?

खाडीकाठ:
ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या (तैवान, आग्नेय आशियापासून मादागास्कर आणि पॅसिफिक बेटांपर्यंत पसरलेल्या) भाषांचा तुलनात्मक तक्ता करतोय. सगोत्र म्हणजे एकाच मूळ शब्दातून आलेले शब्द एका गटात टाकून त्या गटाला क्रमांक द्यायचा आहे. ‘हात’ या अर्थाचे शब्द असे मिळाले: मलय टांगान, टागालोग कामाय, इलोकानो इमा, मालागासी टानाना, फिजियन लिगा, माओरी रिंगा, सामोअन लिमा, टोंगन निमा. एकाच कुळात हातासारख्या रोजच्या गोष्टीला इतके वेगळे शब्द कसे? आणि लिगा, लिमा, निमा दिसायला जवळचे आहेत म्हणून एका गटात टाकू का?

मात्रावेलांटी:
दिसण्यावर जाऊ नका. आधी तक्त्यात ‘पाच’चा रकाना वाढवा, अर्धा गुंता तिथेच सुटेल. मलय, तागालोग, इलोकानो, फिजियन, सामोअन या सगळ्यांत पाच म्हणजे लिमा. माओरीत रिमा, टोंगनमध्ये निमा, मालागासीत दिमी. मूळ भाषेत पाचाला *लिमा आणि हाताला *लिमा किंवा *क़ालिमा अशी पुनर्रचना केली जाते (तारा म्हणजे लिखित पुरावा नाही, मागे जाऊन बांधलेलं रूप). तैवानमधल्या रुकाई भाषेत आजही हात ‘आलिमा’ आणि पाच ‘लिमा’ आहे, त्या *क़ा-चा माग तिथे लागतो.

पुढे काय झालं ते भाषेगणिक वेगळं. सामोअनमध्ये दोन्ही अर्थ एकाच शब्दावर राहिले. पापुआ न्यू गिनीतल्या मोतू भाषेतही तसंच, फक्त ल गळून ‘इमा’ झालं. मलय आणि तागालोगमध्ये हाताला दुसरा शब्द आला, जुना फक्त आकड्यात उरला. ताहितीयनमध्ये नेमकं उलट: हात ‘रिमा’च राहिला, पण पाच ‘पाए’ झाला. तिथे सरदाराच्या नावाशी जुळणारे शब्द वर्ज्य करण्याची ‘पिई’ नावाची प्रथा होती, आणि तिच्यात काही आकडेही बदलले गेले.

मलय ताङान आणि मालागासी तानाना हा मात्र पक्का वेगळा गट. मलय ङ चा मालागासीत न होतो (आकाश: लाङित – लानित्र) आणि शेवटच्या न ला आ जोडला जातो (चंद्र: बुलान – वुलाना). दोन्ही नियम लावले की ताङानचं तानाना आपोआप होतं. दिमीतला द सुद्धा नियमानेच आलाय. इ च्या आधी ल चा द होतो, जसं कातडीला कुलित – हुदित्र. लानित्रमध्ये ल पुढे आ आहे, म्हणून तो टिकला.

तानानाचा आघात पहिल्या अक्षरावर हवा. तो दुसऱ्यावर गेला की अर्थ ‘गाव’ होतो, मादागास्करची राजधानी आंतानानारिवो, तिच्या नावातला तोच.

ङकार:
लिप्यंतर आधी दुरुस्त करा, नाहीतर पुढचं सगळं चुकत जाईल. मलय त दंत्य आहे आणि मधे ग नाहीच: टांगान नव्हे, ताङान. फिजियन रोमन लिपीत ‘जी’ हे अक्षर ङ साठी वापरतात, म्हणजे तुमचा लिगा हा खरं तर ‘लिङा’. माओरीतलाही ‘रिङा’. फिजियन ल म्हणजे माओरी र हे नातं नियमित आहे (लिमा – रिमा), तेव्हा लिङा आणि रिङा एकमेकांशी चोख जुळतात. पण म आणि ङ यांचं असं नातं नाही. पाचात दोघांनीही म नीट सांभाळलाय, मग हातातच तो का बदलावा? म्हणून लिङा–रिङाला स्वतंत्र गट-क्रमांक द्या आणि *लिमाशी संबंधापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

टोंगन निमाचं तसं नाही. तिथे ल चा न होणं अनियमितच (आकाशाला ते लाङी म्हणतात, नाङी नव्हे), पण पुढच्या म च्या सोबतीने ल अनुनासिक झाला हे उघड आहे. शिवाय हात आणि पाच हे दोन्ही अर्थ शाबूत आहेत. तो खुशाल *लिमात घाला.

शब्द गोळा करताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक, यांतल्या बऱ्याच भाषांत अवयवाला मालकाचा प्रत्यय लागतो. ‘माझा हात’ मोतूत इमागु, मालागासीत तानाको. प्रत्यय न काढता शब्द टिपला तर तुलना फसते. दुसरं, मराठीतला हात खांद्यापासून बोटांपर्यंत कुठेही चालतो, सामोअन लिमाही तसाच. मलयमध्ये मात्र बाहूला लेङान आणि पुढच्या भागाला ताङान. म्हणून प्रश्नच ‘मनगटापुढचा भाग’ असा विचारायचा.

रामटेककर:
जावानीज घेणार असाल तर एक भर. रोजच्या बोलीत ताङान, पण मोठ्या माणसाच्या हाताला आदरार्थी ‘अस्ता’ म्हणतात. तो आपला संस्कृत हस्त, उसना शब्द, सगोत्रांत मोजायचा नाही. बाली भाषेत साधं रूप लिमा आणि आदराचं ताङान. साधा की आदराचा हा स्तर न लिहिता नुसता शब्द उतरवला तर बालीची पंगतच बदलेल.

खाडीकाठ:
तक्ता दुरुस्त केला. फिलिपिन्समधल्याच सेबुआनो भाषेतला कामोत आणि कापाम्पाङान भाषेतला गामात (दोन्ही ‘हात’) हे तागालोग कामायच्या गटात जातील का?

मात्रावेलांटी:
कामायबरोबर नाही, शेवट जुळत नाही. कामायचा जोडीदार तैवानच्या आमिस भाषेत आहे, तिथेही हात कामायच. कामोत–गामात ही जोडी मात्र तपासण्यासारखी आहे. ‘सहा’ बघा: सेबुआनो उनोम, कापाम्पाङान आनाम. शेवटच्या अक्षरातलं ओ–आ नातं तेच, त–त ही जुळतो. अडतं ते फक्त सुरुवातीच्या क–ग वर. दोघांना एक क्रमांक द्या आणि शेऱ्यात क–ग ची अडचण लिहून ठेवा. ‘ऑस्ट्रोनेशियन बेसिक व्होकॅब्युलरी डेटाबेस’मध्ये 210 अर्थांची यादी आहे, ‘हात’ तिच्यात पहिलाच. तिथले गट-क्रमांक शेजारी ठेवून तुमचे ताडून बघा. जिथे फरक पडेल तिथे आधी लिप्यंतर तपासा.