‘मुस्तफा’ खेळताना मागचे दृश्य सरकले की बसणारा झटका

प्रश्न:
व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आपण ज्याला ‘मुस्तफा’ म्हणायचो, तो कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ मी सध्या मेम या इम्युलेटरवर (जुन्या यंत्रांचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळत आहे. मॉनिटर १९२० बाय १०८० पिक्सेलचा आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा आहे. पात्र चालू लागून मागचे दृश्य सरकू लागले की दर दोन-तीन सेकंदांनी एक बारीकसा झटका बसतो. चित्र धूसर वाटले म्हणून चित्र मऊ करणारा फिल्टर बंद केला, तर सरकणाऱ्या उभ्या रेषा क्षणात जाड, क्षणात बारीक दिसू लागल्या. वेग मात्र १०० टक्के दाखवला जातो. नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यावे काय?

पहिला प्रतिसाद:
कार्डावर पैसे घालवू नका. हे दोन स्वतंत्र दोष आहेत आणि दोन्हींचे मूळ आकडेमोडीत आहे. मूळ यंत्राचा पिक्सेल क्लॉक (एकेक ठिपका पाठवण्याचा ताल) ८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ८० लाख ठोक्यांचा असून एका ओळीला ५१२ ठोके आणि एका चित्राला २६२ ओळी लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ५९.६४ चित्रे तयार होतात. मॉनिटर ६० मागतो. ही तूट साठत जाऊन साधारण पावणेतीन सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवावे लागते, आणि तोच तुमचा झटका. मेममध्ये ‘वेटव्हीसिंक’ आणि ‘सिंकरिफ्रेश’ हे पर्याय चालू केल्यास खेळ मॉनिटरच्या गतीने धावेल. अर्ध्या टक्क्याहून किंचित वाढलेला वेग हाताला कळत नाही.

रेषांचे म्हणाल, तर मूळ चित्र ३८४ बाय २२४ पिक्सेलचे आहे आणि ४:३ प्रमाणात पडदाभर ताणले की आडवा गुणक, म्हणजे एका मूळ पिक्सेलच्या वाट्याला येणारे पडद्यावरचे ठिपके, ३.७५ येतो. म्हणजे काही पिक्सेल चार ठिपक्यांचे, तर काही तीनच ठिपक्यांचे होतात, आणि दृश्य सरकले की एकच रेषा आळीपाळीने दोन्ही रुंदींतून जाते. ‘अनइव्हनस्ट्रेच’ (अपूर्णांकी गुणकाने ताणण्याची मुभा देणारा पर्याय) बंद करून आडवा गुणक ३ आणि उभा ४ ठेवा. चित्र ११५२ बाय ८९६ होईल, भोवती काळी चौकट राहील आणि रुंदी योग्य प्रमाणापेक्षा जेमतेम साडेतीन टक्के कमी भरेल.

दुसरा प्रतिसाद:
सिंकरिफ्रेशमध्ये आवाज मूळ गतीलाच धरून राहू पाहतो, त्यामुळे तो मधूनमधून तडकू शकतो. रेट्रोआर्क हा इम्युलेटर चालवणारा दुसरा प्रोग्रॅम खेळाचा वेग मॉनिटरशी जुळवताना आवाजही त्याच मापात किंचित जुळवून घेतो, म्हणून मी तेच वापरतो. मात्र ‘आर-टाइप’सारख्या ५५ हर्ट्झच्या खेळाला ही युक्ती चालत नाही, कारण तो ६०वर नेला तर उघडच घाईत धावेल. तिथे बदलत्या रिफ्रेश दराचा, म्हणजे खेळाच्या गतीनुसार चित्रे बदलणारा मॉनिटरच हवा.

प्रश्नकर्ता:
गुणक ३ आणि ४ ठेवल्यावर रेषा स्थिर झाल्या आणि झटकाही गेला. आवाज तडकला, म्हणून रेट्रोआर्कवर आलो. तरी वेगाने सरकताना कडा किंचित पुसट दिसतात.

पहिला प्रतिसादक:
तो पुसटपणा पडद्याचा आहे. जुन्या नळीच्या टीव्हीवर प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझत असे, एलसीडी मात्र तेच चित्र १६.७ मिलिसेकंद धरून ठेवतो आणि सरकणाऱ्या वस्तूमागे फिरणाऱ्या डोळ्याला ते फरफटल्यासारखे दिसते. १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर चित्रानंतर एक काळी फ्रेम घातली की हा अवधी निम्मा होतो, पण उजेडही निम्माच उरतो. त्यातही काही एलसीडींवर काळ्या फ्रेममुळे जुन्या चित्राची छाप तात्पुरती उमटून राहते, तेव्हा तो पर्याय तासन्‌तास चालू ठेवू नका.