मदत हवी आहे: अदिस अबाबात सासूसासऱ्यांना पारंपरिक इथिओपियन हॉटेलात न्यायचंय, टेबल मिळत नाही

चाफा_अदिस
घाईत लिहितेय. शनिवारी सासूसासऱ्यांना नाचगाणी असलेल्या हॉटेलात जेवायला न्यायचंय. सासूबाई शाकाहारी. फोन केला तर तिथली बाई पुन्हा पुन्हा एकच सांगते, 2 वाजताचं टेबल आहे. मला दुपारचं नकोय, रात्रीचं हवंय! दुसरं एखादं हॉटेल सांगा. आजच कळवा प्लीज.

आंबोळीप्रेमी
इंजेरा म्हणजे आपली आंबोळीच, फक्त टेफ या बारीक इथिओपियन धान्याच्या पिठाची. पीठ दोन-तीन दिवस आंबवायचं, वर आलेलं पाणी काढून टाकायचं आणि एकाच बाजूनं भाजायचं. उलटायचं नाही. घरीच करा, सासूबाईंना जास्त आवडेल.

चाफा_अदिस
रेसिपी नकोय हो. टेबल हवंय.

पोटोमॅककाठ
आम्ही वॉशिंग्टनला नेहमी इथिओपियन जेवतो. शाकाहारी थाळी मागवा, मसूर, चणाडाळ, कोबी, पालेभाजी सगळं एका इंजेऱ्यावर येतं. टेबल आधी सांगावंच लागत नाही. ग्लूटेन चालत नसेल तर जपून, इंजेऱ्यात गहू किंवा बार्ली मिसळलेली असते.

बोले_रोड
ते अमेरिकेत. अदिसला बहुतेक टेफचाच असतो.
चाफा, तुमचं टेबल मिळालेलंच आहे. तिथलं घड्याळ सकाळी 6 ला सुरू होतं. सकाळी 7 म्हणजे त्यांचा 1, आणि सूर्य मावळल्यावर पुन्हा 1 पासून. त्यांचे रात्रीचे 2 म्हणजे आपले 8. मी तिथं सहा वर्षं शिकवत होतो, पहिल्या आठवड्यात याच घोळात एक अख्खी मीटिंग चुकवली. तरी पुन्हा फोन करून 'रात्री 8' असं विचारून घ्या.
आता सांगा: कोणता शनिवार? सासूबाई कांदा-लसूण खातात का? त्यांना खाली बसता येतं का?

चाफा_अदिस
अरे देवा, मी तर त्या बाईवर चिडले होते! 15 ऑगस्टचा शनिवार. कांदा-लसूण चातुर्मासात बंद. पण त्याचा इथं काय संबंध? डाळी तर आहेत ना?

डोरोवॉट_फॅन
सासरे मांसाहारी असतील तर डोरो वॉट चुकवू नका. कोंबडी, अख्खं अंडं, बेर्बेरे या तिखट मसाल्याचा लाल रस्सा. इथिओपियात जाऊन डाळ-कोबी खाणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन दहीभात खाणं.

बोले_रोड
15 ऑगस्टला फिल्सेता चालू असतो. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा ऑगस्टमधला उपवास, मरियमचा. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी काहीच नाही. एरवीही बुधवार-शुक्रवार असतोच. म्हणजे सासूबाईंसाठी याहून चांगला काळ नाही, 'येत्सोम बेयाइनेतू' म्हणजे उपवासाची थाळी जवळपास सगळीकडे मिळेल.

डोरोवॉट_फॅन
मोठ्या हॉटेलांत तेव्हाही मांस मिळतं. मी ऑगस्टमध्येच खाल्लंय.

बोले_रोड
मिळतं, नाही म्हटलं का? पण एकाच ताटात कोंबडी आणि चातुर्मास कसा बसवायचा? सासऱ्यांचं ताट वेगळं मागवा.
खरी अडचण कांद्याची आहे. तिथला जवळपास प्रत्येक वॉट, म्हणजे रस्सा, कांद्यापासूनच सुरू होतो. भरपूर कांदा आधी कोरडाच, तेलाशिवाय, पार विरघळेपर्यंत परततात, मग तेल, मग बेर्बेरे. शिरोत, म्हणजे त्यांच्या पिठल्यातही कांदा-लसूण. पालेभाजीतही. म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा: 'याले शिंकुर्त, याले नेच शिंकुर्त'. कांद्याशिवाय, लसणाशिवाय. बटाटा-गाजर-कोबी हळद-मिठात करून द्या म्हणावं. माझ्या आईसाठी मी तसं करून घेतलं होतं.

दख्खनी_वाचक
'हबशी' हा आपला शब्द अरबी 'हबश'वरून, म्हणजे इथिओपियाच्या जुन्या नावावरूनच आला. मलिक अंबर तिथलाच. औरंगाबाद वसवलं त्यानं, खडकी नावानं, 1610 मध्ये. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळ आफ्रिकेतलेच. यावर कुणी लिहायला हवं.

पोटोमॅककाठ
मलिक अंबरनं नहरीही बांधल्या. पण हा धागा जेवणाचा आहे, त्यावर वेगळा काढा.

गुडघेदुखी_पुणे
खाली बसण्याचं कुणी पुढे बोललंच नाही. मेसोब म्हणजे विणलेल्या टोपलीचं टेबल, भोवती बुटकी स्टुलं. माझ्या वडिलांना उठताना दोघांनी धरावं लागलं. उंच खुर्च्यांचं टेबल आधीच मागा. आणि शाल न्या, अदिस 2,300 मीटरच्या वर आहे, ऑगस्टच्या पावसात रात्री हुडहुडी भरते.

आंबोळीप्रेमी
गुर्शा विसरलात! दुसऱ्याच्या तोंडात हातानं घास भरवतात. आपल्या लग्नात नवरानवरी भरवतात तसाच. नाही म्हणू नका, ते प्रेम असतं.

चाफा_अदिस
सासूबाईंना उष्टं अजिबात चालत नाही. आता काय करू?

बोले_रोड
'त्सोम' म्हणा, उपवास. त्या शब्दापुढे मला तिथं कुणी आग्रह केलेला आठवत नाही. उपवास त्यांना आपल्याइतकाच कळतो. सासऱ्यांना तेज देताना मात्र लक्ष ठेवा, मधाची दारू आहे, गोड लागते म्हणून सरबतासारखी जाते.
आणि कॉफीआधी उठू नका. समोर बिया भाजतात, वास सगळ्यांना देतात, मग जेबेनात, म्हणजे मातीच्या सुरईत उकळतात. तीन फेऱ्या: अबोल, तोना, बेरेका. बेरेका म्हणजे आशीर्वाद, तो घेऊनच निघायचं.

चाफा_अदिस
ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून अम्हारिकमध्ये फोन करवला. रात्री 8 पक्के. खुर्च्यांचं टेबल मिळालं. कांदा-लसणाचं आचाऱ्याला विचारून उद्या सांगतील. नाहीच जमलं तर सासूबाई घरून वरणभात जेवून निघतील, तिथं नाच आणि कॉफी. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, तिथल्या बायकाही उपवास करतात का गं, मग मला त्यांच्याशी बोलायचंय. मैत्रीण सोबत येतेय दुभाषी म्हणून. बोले_रोड, मनापासून आभार.